बिनधुराचा खवा

फॉर्मवर तीन ओळी सोडल्यात. वर छापलंय, 'उद्योगवाढीतील अडथळे, थोडक्यात लिहा'. उद्योग योजनेच्या ऑफिसातनं आलेली मुलगी गुणाची होती. चहा घेतला, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, शेडात झाकून ठेवलेल्या मशीनचा फोटो काढला आणि जाताना म्हणाली, "काकू, निवांत भरा. पुढच्या महिन्यात न्यायला येते." निवांत म्हणे! मी जुन्या दहावीपर्यंत शिकलेली बाई, लिहायची मला कुणाच्या बापाची भीती नाही. पण थोडक्यात म्हणजे किती थोडक्यात? लाईट लिहू? बार्शीचा व्यापारी लिहू? पुण्याचं दुकान लिहू? का मी माझ्या हातानं जे करून बसले ते लिहू? पहिल्या ओळीवर पेन टेकवला की सगळं एकदम तोंडाशी येतं आणि कागदावर काहीच उतरत नाही. मग राग येतो. फॉर्म परत कॅलेंडरमागं खोचते आणि म्हशीला पेंड घालायला जाते.

म्हणून आधी लांबण लावते. ज्याला थोडक्यात पाहिजे त्यानं ह्यातनं काढून घ्यावं.

आमचं गाव परंड्यापासून गाडीवर अर्ध्या तासाच्या आत. प्रत्येकाच्या दावणीला म्हशी आणि दोन घरं सोडून एका घरामागं खव्याची भट्टी. भट्टी म्हणजे पत्र्याचं छप्पर, त्याखाली मातीचं मोठं चुलवण आणि त्यावर रुंद कढई. खाली बाभळीची लाकडं सारायची, वर दूध ओतायचं आणि आटून त्याचा गोळा होईस्तोवर लांब दांड्याच्या उलथन्यानं हलवत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं, आणि तळाला लागलं की गेलं. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी आणि हात चालूच. लग्न होऊन आले तशी मी त्या चुलवणापुढं उभी राहिले ती उभीच. माहेरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ह्याच घरात दिलं असतं म्हणा.

धुराचं एक असतं. पहिल्या वर्षी सगळ्याला वास येतो, अंथरुणाला, भाकरीला, पाण्याला. नंतर नाकच मरतं. आपल्याला काही कळत नाही, दुसऱ्याला मात्र लांबून कळतं. एकदा भाचीच्या लग्नाला निघाले, कुर्डुवाडीच्या एसटीत बसले. अंगावर नवी साडी, सकाळी शिकेकाईनं तीनदा डोकं धुतलेलं, वर मोगऱ्याचा गजरा. शेजारच्या बाईनं नाक ओढलं, जरा सरकली आणि विचारलं, "खव्याच्या घरच्या का तुम्ही?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. "व्हय, का? उतरू का खाली?" म्हणलं.

ती बिचारी घाबरलीच. "न्हाय वो, माझी बहीण बी खव्याच्या घरात दिलीय, म्हणून विचारलं."

मग कुर्डुवाडीपर्यंत आमच्या अशा गप्पा रंगल्या की गाडी कधी पोचली कळलं नाही. पण लग्नात मी सगळ्यांपासून हातभर लांबच उभी राहिले.

मला एकच मुलगा. तो चाकणला कंपनीत. सून केली ती लातूरकडची, दूधदुभत्याचं कॉलेजात शिकलेली. घरात पहिलं पाऊल टाकलं आणि तिनं पदर नाकाला लावला. मी ते बघितलं. लई लागलं मनाला, चार दिवस धड बोलले नाही तिच्याशी. पाचव्या दिवशी ती भट्टीत आली, मला खोकताना बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरला काय, भट्टी सोडा म्हणाला. त्याला म्हणलं, तू येतोस का हलवायला?"

ती हसली नाही. म्हणाली, "मी येते. पण असं नाही हलवायचं."

तिथनं ते मशीनचं खूळ सुरू झालं. ऑफिसाला हेलपाटे, अर्ज, योजना, प्रशिक्षण. वर्षाच्या आत म्हशींच्या गोठ्यापलीकडं पांढऱ्या फरशीचं शेड उभं राहिलं आणि त्यात स्टीलची मोठी कढई आली. खालनं वाफेवर तापते, आत पंखा फिरतो, तोच दूध हलवतो. धूर नाही, राख नाही, डोळ्याला पाणी नाही. सून डोक्याला जाळीची टोपी घालून एखाद्या नर्सबाईसारखी तिथं फिरायची. मला चप्पल बाहेर काढायला लावायची. माझ्याच घरात!

मुलाचं आणि तिचं एक ठरलेलं होतं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला बी कळलं. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत मशीन नीट चाललं, रोजचा माल रोज खपला, तर मी नोकरी सोडून गावाकडं येतो. नाही खपला तर तू इकडं यायचंस. मग परत तो विषय काढायचा नाही."

"कबूल," ती म्हणाली.

मी चुलीपाशी भाकरी थापत होते, हात तसाच थांबला. लग्नाला दोन वर्षं झालेली आणि दोघं दोन गावात. दिवाळीत एक तर मुलगा घरी येणार, नाहीतर सून बी जाणार. मला काय पाहिजे होतं ते सांगायला नको. त्या दिवसापासनं मी मनातल्या मनात मशीनच्या पाया पडायला लागले.

पहिला घाणा निघाला. पांढरा स्वच्छ, मऊ, रवाळ. आमच्या मालकांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "लई झ्याक." हे आयुष्यात कशाला झ्याक म्हणालेले मला आठवत नाही. पाटीत ओलं फडकं घालून खवा भरला आणि मी आणि सून बार्शीला निघालो.

बार्शीत आमचा व्यापारी. आम्ही त्याला भाई म्हणतो, तो मला ताई म्हणतो. त्याच्या वडलांनी माझ्या सासऱ्याकडनं माल घेतला, ह्यानं माझ्याकडनं वीस वर्षं घेतला. त्याची एक रीत आहे. पाटी समोर आली की बोलत नाही. फडकं बाजूला करतो, चिमूटभर खवा अंगठ्यानं तळहातावर रगडतो, तूप सुटतंय का बघतो, छोटी गोळी करतो, डोळे मिटून हुंगतो आणि म्हणतो, "ठेवा." बस. ना पावती, ना सही. वीस वर्षांत "ठेवा" सोडून दुसरा शब्द मी ऐकला नव्हता.

त्या दिवशी त्यानं रगडला, तूप सुटलं, गोळी झाली. हुंगली. परत हुंगली. डोळे उघडले आणि गोळी पाटीत ठेवून दिली.

"ताई, ह्यात जान न्हाय. पावडर टाकली काय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. सुनेनं घाईघाईनं पिशवीतनं कागद काढला, लॅबमधनं तपासून आणलेला, शिक्क्याचा. "भाई, बघा ना, शुद्ध आहे म्हणून लिहून दिलंय."

भाईनं कागदाला हात लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, "वीस वर्षांत तुम्ही मला कधी कागद दाखवला न्हाय. आज कागद आणायची पाळी का आली? शुद्ध हाय तर लिहावं कशाला लागतं?"

मला वाटलं, खरंच की, कशाला लागतं? लगेच वाटलं, पण सून बी खरीच बोलतीय. दोघांच्या मधे मी येड्यासारखी उभी. पाटी परत आणली. एसटीत सून खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "आत्या, त्यांचं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. माझं काय चुकलं ते बी नाही." तिच्या तोंडात 'बी' मी पहिल्यांदा ऐकलं.

मग तिनं पुण्याचं एक मोठं मिठाईचं दुकान गाठलं. त्यांचा माणूस मोटार घेऊन आला, बुटांवर पिशव्या चढवून शेडात हिंडला, खूश झाला. त्याला कागद पाहिजे होता, लायसन पाहिजे होतं, बिल पाहिजे होतं. आणि जाताना बोट वर करून म्हणाला, "धुराचा वास अजिबात चालणार नाही हं. आमचं गिऱ्हाईक तक्रार करतं." मी दारात उभी होते. माझ्याकडं बघून म्हणाला असं मला वाटलं.

म्हणजे बघा. म्हैस तीच, दूध तेच. बार्शी म्हणती धूर नाही तर खवाच नाही, पुणं म्हणतं धूर असेल तर घाण. बार्शीला कागद दिला तर संशय, पुण्याला नाही दिला तर संशय. मी मालकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "बघू." ह्या माणसाचं सगळं आयुष्य बघण्यात गेलं.

बरं, पुण्यावरच भागवावं तर लाईट. शेडाला शेतीची लाईन. आठवड्यातनं काही दिवस दिवसा येणार, बाकीचे दिवस रात्री. दूध तर दोन वेळा येणारच, म्हशीला कुठलं वेळापत्रक कळतंय? पंखा फिरता फिरता लाईट गेली की आतलं दूध तळाला धरतं आणि सगळा घाणा वाया. सुनेनं शेडासाठी वेगळी डीपी, म्हणजे लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, मागितली. वायरमन म्हणाला, वरनं ऑर्डर पाहिजे. वरच्या साहेबांनी विचारलं, तुमच्या एकट्यासाठी डीपी कशी देता येईल, गावातनं आणखी चार जण मशीन घेणार असतील तर सांगा. गावातल्या चार जणांना विचारलं, ते म्हणाले, आधी डीपी येऊ द्या, मग मशीनचं बघू. सून घरी येऊन खाटेवर बसली आणि हसायलाच लागली. मला भीती वाटली तिच्या हसण्याची.

तर असं होतं. लाईट असेल तेवढा खवा निघायचा, त्यातला थोडाच पुणं घेत होतं. बाकीच्या खव्याचं करायचं काय? बार्शीनं मशीनचा खवा घेतल्याशिवाय मशीन चालणार नव्हतं, आणि मशीन चालल्याशिवाय मुलगा येणार नव्हता. हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायचं.

आणि मग मला अक्कल सुचली.

सून दुपारी शेड धुऊन जेवायला बसली की मी मशीनच्या खव्याच्या पराती हळूच उचलायची, जुन्या भट्टीत न्यायची. चुलवणात ओली बाभळ घालायची, ज्वाळ दाबून नुसता धूर करायचा आणि पराती फडक्याखाली तासभर त्यात ठेवायच्या. गावभर भट्ट्यांचा धूर, त्यात आमचा वेगळा कुणाला कळतोय? मग खवा पाटीत भरून मालकांकडं द्यायचा. मालकांना सांगितलं, "विचारू नका." ते म्हणाले, "बघू."

भाईनं पाटी घेतली. संध्याकाळी मालक परत आले तर रिकामी पाटी. मी विचारलं, "काय म्हणला?"

"ठेवा म्हणला."

अगं बाई! मला नाचावंसं वाटलं. सुनेला सांगितलं, "घेतला गं, भाईनं मशीनचा खवा घेतला!" तिनं मला मिठीच मारली. तेवढ्यात तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी खोटं बोलले होते का? खवा मशीनचाच होता की. धूर माझा होता, पण धूर काय खायची वस्तू आहे? मी स्वतःला समजावत राहिले, आणि समजत काहीच नव्हतं. मुलाला फोन गेला. तो म्हणाला, "बार्शीचे भाई ऐकले? मग झालंच! दसरा होऊ दे, कंपनीत राजीनाम्याचं बोलतो." त्या रात्री मालकांनी दुसऱ्यांदा मागून भाकरी घेतली.

असं महिनाभर चाललं. सकाळी सून बिनधुराचा खवा करायची, दुपारी मी त्याला धूर द्यायची. तीस वर्षं ज्या धुराला शिव्या घातल्या तोच मी आता ओली लाकडं घालून मुद्दाम काढत होते. खोकला वाढला. सून म्हणायची, "आत्या, भट्टी तर बंद झाली, मग खोकला का वाढतोय?" मी म्हणायची, "ऋतू बदललाय."

दसऱ्याच्या पुढं पुण्याची मोठी मागणी आली. दिवाळी तोंडावर. आणि त्याच सकाळी एकच घाणा निघाला आणि लाईट गेली. सून त्या डीपीसाठी परंड्याला लाईटीच्या ऑफिसात जाऊन बसलेली. एसटीची वेळ झाली, पुण्याचे डबे अर्धेच भरलेले. मी तिला फोन लावला, लागेना. डबे अर्धे गेले तर पुणं नाराज होणार, मोठी ऑर्डर जाणार. माझ्याकडं बार्शीसाठी धूर दिलेल्या आदल्या दिवशीच्या पराती होत्या.

मी काय बिनडोक आहे का? मला ठाऊक होतं पुण्याला वास चालत नाही. म्हणून पराती पंख्याखाली ठेवाव्या म्हणलं तर लाईट नाही. मग अंगणात सावलीला ठेवल्या, पुठ्ठ्यानं तासभर वारा घातला. मग हुंगल्या. काही वास नाही. परत हुंगल्या. नाही. मालकांना बोलावलं, "वास येतोय का बघा."

त्यांनी हुंगलं. "कसला?"

"धुराचा!"

"न्हाय."

शेजारच्या जावेला हाक मारली. तिच्या बी घरी भट्टी. तिनं नाक लावून हुंगलं आणि म्हणाली, "मस्त दुधाचा वास येतोय की." तीन माणसांनी खात्री केली. मी वरचेवर हात धुऊन, डोक्याला सुनेची जाळीची टोपी घालून डबे भरले, झाकणं लावली, आणि मालकांनी ते पुण्याच्या गाडीत टाकले. आता हे वाचणाऱ्याला हसू येत असेल. खव्याच्या गावात तीन खव्याची नाकं लावून धुराचा वास तपासला आम्ही!

दुसऱ्या दिवशी पुण्याचा फोन आला तो सुनेला. ती शेडात उभी होती, मी दारात. तिकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं. "आम्ही तुमचं शेड बघून ऑर्डर दिली होती. तुम्ही कुठल्या तरी चुलीवरचा माल आमच्या गळ्यात मारला. पुढचा माल पाठवू नका." सून म्हणत होती, "शक्यच नाही, सर, शक्यच नाही."

फोन ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. मी चप्पल घालूनच आत गेले आणि सगळं सांगितलं. बाभळीपासनं पुठ्ठ्यापर्यंत.

ती दुधाच्या पालथ्या कॅनवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "कधीपासून?"

"त्या पहिल्या पाटीपासनं."

"मी ह्यांना सांगितलं होतं, भाई माझा खवा घेतात म्हणून."

"तुझाच घेतो की गं!"

"नाही आत्या," ती म्हणाली. "तुमचा धूर घेतात."

मला तिथं उभं राहवेना. तशीच पदर खोचून स्टँडवर गेले, बार्शीची गाडी पकडली. भाईच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "भाई, महिनाभर मी तुम्हाला मशीनचा खवा दिला. वरनं धूर दिला. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

भाईनं गिऱ्हाईकाला वाटेला लावलं, मला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "मला पहिल्याच पाटीला कळलं होतं, ताई. भट्टीचा धूर खव्याच्या आतपर्यंत असतो. तुमचा नुसता वरवर होता."

"मग ठेवा का म्हणलात?"

त्यानं पाटीचं फडकं उचलून त्याची घडी घातली. "माल चांगलाच होता. पहिल्या दिवशी बी चांगला होता. मला कागदाची भीती वाटली. तुमची सून कागद करायला लागली, बिल करायला लागली, तर मला बी पुढं बिल द्यावं लागंल, आणि माझं गिऱ्हाईक बिलाचं नाव काढलं की पळतं. आणि कागदवाल्या माणसाला पुणं भेटतं, मुंबई भेटती. मग बार्शीच्या बोळात कोण येतं? तुम्ही धूर दिला तेव्हा म्हणलं, चला, ताईला अजून आपली गरज हाय."

"मग आता घ्या की तसाच! बिनधुराचा घ्या. माझी सून राहील, भाई. मुलगा येईल."

"मी घेईन," भाई म्हणाला. "माझं गिऱ्हाईक घेणार न्हाय. वीस वर्षं मीच त्याला शिकवलं की धूर म्हणजे खरा माल."

परत येताना मी खिडकीशी बसून विचार करत होते की चूक कुणाची. भाईची धरावी तर तो रडवेला झालेला. साहेबाची धरावी तर त्यानं चारच जण मागितले होते. पुण्यावाल्याची धरावी तर त्यानं आधीच बोट वर करून सांगितलं होतं. माझी धरावी तर मी सगळं मशीन चालावं म्हणूनच केलं. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, आणि सगळं मिळून वाटोळं. डोकं भणभणलं. घर येईस्तोवर काही उलगडलं नाही, आजपर्यंत बी नाही.

पुणं तुटलं, धूर देऊन माल विकायला सून कबूल नव्हती, म्हणजे ठरल्याप्रमाणं तीच चाकणला जाणार. मुलानं अजून राजीनामा दिलेला नव्हता. "बरं झालं," एवढंच म्हणाला. नंतर सुनेशी खोलीत बराच वेळ बोलला, स्पीकर बंद करून.

भाईनं दिवाळीची मोठी मागणी दिली होती, भट्टीच्या मालाची. मी लाकडं काढायला लागले तर सुनेनं माझ्या हातातनं उलथनं घेतलं. म्हणाली, "तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय. दिवाळीची ऑर्डर मी पुरी करते, मग जाते."

"तू? तुला धूर सोसतो का?"

"सोसंल."

मी भांडले, रडले, मालकांना मधे घातलं. ती ऐकेना. पंधरा दिवस माझी सून, कॉलेजात शिकलेली, त्या चुलवणापुढं उभी राहिली. पहिल्या दिवशी ओढणी नाकाला घट्ट बांधलेली. डोळे लाल, सारखं थांबून बाहेर यायची. चार-पाच दिवसांनी ओढणी गळ्यात आली. नंतर ती खुंटीलाच राहिली. पलीकडं शेडात मशीन बंद, पांढऱ्या फरशीवर धूळ बसायला लागलेली. मी बाहेर ओट्यावर बसून तिचा खोकला ऐकायची. भाईनं तिच्या हातचा खवा रगडला, डोळे मिटून हुंगला आणि मालकांना म्हणाला, "हा ताईंच्या हातचा न्हाय. पण असाच पाहिजे." मालकांनी ते घरी येऊन सांगितलं. सून उठली आणि उद्याची लाकडं काढून ठेवायला गेली.

भाऊबीज झाली आणि ती निघाली. आदल्या दिवशी मशीनचे सगळे नट आवळले, पुसून घेतलं, वर तिचीच जुनी चादर टाकली. सकाळी बंबात पाणी तापवून मी तिचं डोकं धुऊन दिलं. शिकेकाई, रिठा, परत शिकेकाई. तीनदा. तेल लावून घट्ट वेणी घातली, गजरा माळला. ती लहान पोरीसारखी मान पुढं करून बसली होती.

परंड्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. मालकांनी पिशवी वर चढवली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारी एक अनोळखी बाई. मी खाली खिडकीशी उभी राहिले. म्हणायचं लई होतं. म्हणलं, "पोचलीस की फोन कर."

"करते. आत्या, मशीनवरची चादर काढू नका. भट्टीचा धूर तिकडं जातो."

"न्हाय काढत."

गाडी सुरू झाली, पण अजून हलली नव्हती. शेजारची बाई जरा सरकली. तिनं नाक ओढलं आणि माझ्या सुनेला हसून विचारलं, "खव्याच्या घरच्या का तुम्ही?"

सुनेनं चमकून माझ्याकडं बघितलं. मग वेणी पुढं घेतली, नाकाशी धरली आणि हुंगली. परत हुंगली. तिला काहीच वास आला नाही.